विहिरीचा हिशेब दसऱ्याला

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

२०२४ च्या एप्रिलमधली गोष्ट. रात्री नऊच्या सुमाराला गावाहून अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. जालना जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे, ती तेच कसतात. ख्यालीखुशाली झाली आणि त्यांनी मुद्द्याला हात घातला. "विहीर तळाला गेलीय. जुनं बोअर तासभरसुद्धा चालत नाही. मोसंबीची पानं वळायला लागलीत. उद्या शेजारच्या शिवारात बोअरची गाडी येतेय. सातशे फूट जाऊ म्हणतोय तो. तू सगळा जन्म भूजलात काढलास, आपल्याला एक जागा दाखव."

मी म्हणालो, "अण्णा, जागा नाही दाखवत. तुम्ही बोअर घेऊ नका."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग अण्णांनी विचारलं, "मग झाडं जळू देऊ का?" आणि फोन ठेवून दिला.

त्या प्रश्नाचं उत्तर मला त्या रात्री देता आलं नाही. ते आज द्यायचा प्रयत्न करतो. कारण हा प्रश्न एकट्या अण्णांचा नाही. दर उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या हजारो घरांत तो विचारला जातो, आणि हवामान जसजसं बदलतंय तसतसा तो अधिक वारंवार विचारला जाणार आहे.

मी तीस वर्षांहून अधिक काळ राज्याच्या भूजल सर्वेक्षणाच्या कामात होतो. हे खातं १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षी सुरू झालं. त्यातलं आमचं सर्वांत साधं, कंटाळवाणं आणि महत्त्वाचं काम म्हणजे विहिरींची पाणीपातळी मोजणं. ठरलेल्या निरीक्षण विहिरींवर वर्षातून चार वेळा जायचं: पावसाळा संपताना, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मे महिन्यात. पोलादी टेपच्या टोकाला खडू लावायचा, टेप विहिरीत सोडायचा, खडू कुठवर भिजला ते बघायचं आणि आकडा लिहायचा. गावातली पोरं भोवती जमायची आणि विचारायची, "साहेब, पाणी लागणार का?" मी म्हणायचो, "अरे, मी पाणी लावायला नाही आलो, मोजायला आलोय." पोरांचा हिरमोड व्हायचा. पण त्या आकड्यांनी मला जे शिकवलं, ते कुठल्याही पुस्तकानं शिकवलं नाही.

पहिली गोष्ट अशी शिकलो, की जमिनीखाली नद्या वाहत नाहीत आणि तळीही नसतात. निदान आपल्याकडे नाहीत. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे लोंढे एकावर एक पसरले आणि थिजले, त्यातून हा दगड झाला. विहीर खणणाऱ्या माणसाला त्याचे थर तोंडपाठ असतात. वर माती, मग मुरूम, मग सच्छिद्र मांजऱ्या दगड, आणि त्याखाली कातळ. पाणी साठतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि दगडाच्या भेगांत. कातळात भेग नसेल तर तो कोरडाच.

आता या दगडात पाणी किती मावतं? गंगा-यमुनेच्या गाळाच्या प्रदेशात एक घनमीटर वाळूमधून विहिरीला शंभर-दीडशे लिटर पाणी मिळू शकतं. आपल्या झिजलेल्या बेसाल्टच्या एक घनमीटरमधून मिळतं साधारण वीस लिटर. एका बादलीपेक्षा फारसं जास्त नाही. उत्तरेकडचं भूजल म्हणजे धान्याची कणगी आहे. तिच्यात पिढ्यान् पिढ्यांचा साठा असतो. आपलं भूजल म्हणजे स्वयंपाकघरातला डबा. दरवर्षी भरायचा आणि दरवर्षी संपवायचा.

कणगीसुद्धा अक्षय्य नसते, हे ओघात सांगितलं पाहिजे. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक टिपणाऱ्या 'ग्रेस' या उपग्रहांच्या जोडीनं २००२ ते २००८ या काळात राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्ली या पट्ट्याची नोंद घेतली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार या सहा वर्षांत तिथल्या जमिनीखालचं १०९ घन किलोमीटर पाणी कमी झालं होतं, आणि मुख्य कारण होतं सिंचनासाठीचा बेसुमार उपसा. तिथं दुखणं हळूहळू वाढतं आणि उशिरा कळतं. आपल्याकडे ते वर्षाच्या वर्षाला कळतं.

डबा लहान असण्याचा एक विचित्र परिणाम असतो. पावसाचं दहा मिलिमीटर पाणी खोल मुरून भूजलाला मिळालं, तर विहिरीची पातळी जवळजवळ अर्धा मीटर वर येते. म्हणून एका चांगल्या पावसात आपली विहीर झपाट्यानं भरते आणि माणूस हुरळून जातो. पण ज्या कारणानं ती लवकर भरते, त्याच कारणानं ती लवकर उतरते.

दुसरी गोष्ट घरखर्चाच्या हिशेबासारखी आहे. समजा एखाद्या गावात वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. तो सगळा विहिरीला मिळत नाही. उन्हाळ्यात तापून कोरडी पडलेली काळी माती आधी आपली तहान भागवते. मीटरभर खोल काळी जमीन दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी सहज पिऊन टाकते. मग पिकं पितात, झाडं पितात, ऊन पितं. या सगळ्यात ४०० मिलिमीटर गेले असं धरू. एकशे तीस-चाळीस मिलिमीटर ओढ्यानाल्यांनी वाहून गेले. मग भूजलाच्या वाट्याला उरतात जेमतेम साठ-सत्तर मिलिमीटर, म्हणजे पावसाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. पगारातून घरखर्च वजा जाऊन जी शिल्लक पडते, ती ही.

आता पगार वीस टक्क्यांनी कमी झाला तर शिल्लक वीस टक्क्यांनीच कमी होते का? संसार केलेल्या कोणालाही विचारा. खर्च फारसा कमी होत नाही, शिल्लकच निम्म्यावर येते. पावसाचं तसंच आहे. ६०० ऐवजी ४८० मिलिमीटर पाऊस पडला, तर माती, पिकं आणि ऊन आपला वाटा आधी उचलतात, आणि भूजलाची शिल्लक निम्मी होऊ शकते. आणि समजा पाऊस पुरेसा झाला, पण तापमान वाढल्यामुळे घरखर्चच वाढला, तर? तरीही शिल्लकच घटते.

हवामानबदलाचा भूजलाशी संबंध नेमका इथं येतो. त्याचा घाव पगारावर कमी आणि शिल्लकीवर जास्त बसतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं २०२० मध्ये भारताच्या हवामानबदलाचा एक सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसनं वाढलं. १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. आणि त्याच सुमाराला मध्य भारतात एका दिवसात दीडशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. एकूण पाऊस थोडा कमी, आणि मुसळधार पाऊस खूप जास्त. हे परस्परविरोधी वाटतं, पण तसं नाही. हवा एका अंशानं तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. मोठं भांडं भरायला वेळ लागतो, आणि ते सांडतं तेव्हा एकदम सांडतं.

आमच्या लहानपणी झड लागायची. तीन-तीन, चार-चार दिवस सूर्य दिसायचा नाही. बारीक, संथ पाऊस रात्रंदिवस पडत राहायचा. कपडे वाळायचे नाहीत, चूल पेटायची नाही, आई वैतागून जायची. वडील मात्र ओसरीत बसून समाधानानं म्हणायचे, "पडू द्या. विहिरीचा पाऊस आहे हा." त्यांनी भूगर्भशास्त्र शिकलं नव्हतं, पण ते बोलत होते ते शंभर टक्के खरं होतं. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळलेली असते, तेव्हा पहिलं पाणी भेगांतून भराभर आत जातं. पण भिजली की ती फुगते आणि भेगा मिटतात. मग तासाला काही मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी ती आत घेऊ शकत नाही. झडीचा पाऊस तिच्या घोटाघोटानं पिण्याच्या वेगाशी जुळतो. तासाभरात पन्नास-साठ मिलिमीटर कोसळणारा पाऊस तिला पिताच येत नाही. तो मातीसकट ओढ्यात जातो. दोन्ही पावसांचे पर्जन्यमापकातले आकडे सारखेच. विहिरीतले आकडे मात्र वेगळे.

हा नियम सगळ्या जगाला लागू नाही, हेही सांगायला हवं. टांझानियातल्या माकुतापोरा इथल्या विहिरींच्या ५५ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं उलट दिसलं. जमिनीतला साठा अधूनमधून येणाऱ्या अतिवृष्टीच्या हंगामांनीच भरून निघत होता. तिथला दगड खोलवर झिजलेला आहे, त्यात साठ्याला जागा असते. आपल्या डब्यात ती नाही. अतिवृष्टीत तो आठवड्याभरात काठोकाठ भरतो आणि पुढचं पाणी त्याच्या काठावरून वाहून जातं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यानं हे डोळ्यांनी पाहिलं. नद्यांना पूर आले, पिकं गेली, जमिनी खरडून गेल्या, कित्येक विहिरी गाळानं बुजल्या. जिथं पाण्यासाठी माणसं तळमळतात, तिथं पाण्यानंच माणसांना देशोधडीला लावलं. तेवढं सगळं पाणी जमिनीत साठलं असतं तर, असं आपण म्हणतो. पण जमिनीला पोट असतं तेवढंच ती खाते.

कोकणातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. तिथं अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी कित्येक वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. जांभा दगड पाणी पटकन आत घेतो आणि तेवढ्याच पटकन उतारावरून सोडून देतो. किनाऱ्यालगत तर आणखी एक संकट आहे. तिथं जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर असलेली गोड्या पाण्याची पातळी एक मीटरनं खाली आली, तर खालचं खारं पाणी तत्त्वतः चाळीस मीटर वर सरकू शकतं. उपसा वाढला आणि समुद्राची पातळीही चढत गेली, तर विहिरीला पाणी असूनही ते तोंडात धरवणार नाही.

उष्णतेचा परिणाम आणखी एका वाटेनं होतो. २०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पावसात खंड पडला की शेतकरी काय करतो? पीक वाचवायला मोटार सुरू करतो. यात त्याची चूक नाही. पण ऑगस्ट हा विहीर भरण्याचा महिना, आणि त्याच महिन्यात आपण ती उपसतो. डबा भरायच्या आधीच त्यात हात जातो. मग पुढच्या एप्रिलात जे झालं, ते अण्णांच्या फोनवर मी ऐकलंच.

मग खोल का जायचं नाही? सातशे फुटांवर पाणी नसेलच असं थोडंच आहे?

इथं मला माझ्या एका चुकीविषयी सांगायचं आहे. बोअर ही काही वाईट गोष्ट नव्हे. १९७२ च्या दुष्काळात जेव्हा विहिरी कोरड्या पडल्या, तेव्हा खडकात वेगानं भोक पाडणाऱ्या यंत्रांनी आणि हातपंपांनी खेड्यांना प्यायचं पाणी दिलं. आज देशभर दिसणारा 'इंडिया मार्क टू' हातपंप ज्यांच्यावरून घडला, त्यांत आमच्या जालन्यात तयार झालेला 'जालना पंप' आणि त्यावरून सुधारलेला 'सोलापूर पंप' यांचा वाटा मोठा आहे. पण हातपंपानं हंडाभर पाणी निघतं, पाणबुडी मोटारीनं तळं निघतं. प्यायच्या पाण्यासाठी आलेलं साधन आपण बागायतीला जुंपलं.

त्यात मीही होतो. नव्वदच्या दशकात मी स्वतः अण्णांना बोअरची जागा दाखवली. ओढ्याच्या रेषेत भेग असणार हा माझा अंदाज खरा ठरला, दोनशे वीस फुटांवर चांगलं पाणी लागलं. गावात माझा मान वाढला. अण्णांनी मोसंबी लावली. ते पाहून वरच्या आणि खालच्या दोन्ही अंगांच्या शेतकऱ्यांनी बोअर घेतले. पाच-सात वर्षांत आमच्या जुन्या विहिरीच्या पोटातला झरा बंद झाला. मी आकडे मोजणारा माणूस, पण घरच्या विहिरीचे आकडे मांडून बघायचं मला सुचलं नाही. वरच्या मुरमातलं पाणीच भेगांवाटे खालच्या बोअरला मिळत होतं. मी नवं पाणी शोधलं नव्हतं. विहिरीतलंच पाणी दुसऱ्या भोकातून काढायची सोय करून दिली होती. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. आमची तीनशे झाडं त्यात गेली. अण्णांनी ती तोडून सरपणाला दिली. त्याबद्दल ते मला एका शब्दानं कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

खोल बोअरमध्ये क्वचित पाणी लागतंही. पण ते पाणी बऱ्याचदा फार जुनं असतं, वर्षाच्या पावसानं ते भरून निघत नाही. शिवाय दगडात दीर्घकाळ राहिल्यामुळे त्यात क्षार वाढतात. यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यात फ्लोराइडचं प्रमाण जास्त आढळतं. त्यानं दातांवर डाग पडतात आणि हाडं ठिसूळ होतात, वाकतात. राज्याच्या भूजल कायद्यात साठ मीटर किंवा त्याहून खोल विहिरींवर निर्बंधांची तरतूद आहे, ती उगाच नाही. दोनशे फुटांच्या खाली आपला डबा जवळजवळ संपतो.

मात्र सगळं खापर हवामानबदलावर फोडून आपल्याला मोकळं होता येणार नाही. एक साधा हिशेब करू. एक हेक्टर जमिनीवर ६०० मिलिमीटर पाऊस म्हणजे साठ लाख लिटर पाणी. त्याचे दहा टक्के मुरले, म्हणजे सहा लाख लिटर. एक हेक्टर उसाला पाटानं पाणी दिलं तर वर्षाला सुमारे दोन कोटी लिटर लागतं. म्हणजे एका हेक्टरच्या उसासाठी तेहतीस हेक्टरांची शिल्लक खर्ची पडते. त्यातलं काही पाणी पुन्हा मुरतं हे मान्य केलं, तरी बाकीच्या बत्तीस हेक्टरांच्या मालकांनी काय करायचं? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे पाठवावी लागली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी गेलं. तो आकडा त्या वेळी सगळ्यांना केवढा मोठा वाटला होता! एक हेक्टर पाटपाण्याच्या उसाला अशा चाळीस गाड्या लागतात.

शेततळ्याचंही तसंच. ओढ्याचं वाहून जाणारं पाणी अडवायला केलेलं शेततळं ही चांगली गोष्ट आहे. पण प्लास्टिक अंथरून, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी उपसून त्यात भरलं, की आपण जमिनीतलं सुरक्षित पाणी उन्हात आणून ठेवतो. मराठवाड्यासारख्या भागात उघड्या पाण्यातून वर्षाकाठी दीड-दोन मीटर पाणी वाफ होऊन जातं, आणि तापमानाबरोबर ते वाढणारच. शिवाय शेजाऱ्याची विहीर उतरते ती वेगळीच.

तेव्हा हवामानानं आपल्याला कड्यावरून ढकललं हे खरं, पण कड्याच्या टोकाशी आपण आपल्या पायांनी चालत गेलो होतो.

उपाय काय, असं कोणी विचारलं तर मी तीन शब्द सांगतो: मुरवा, मोजा, वाटा. पहिलं काम आपल्याकडे बरंच झालं आहे. समतल चर, बांधबंदिस्ती, नाल्यांवरचे बंधारे यांतून धावणारं पाणी चालतं करायचं आणि चालणारं पाणी थांबवायचं. हरवलेल्या झडीचं काम काही अंशी माणसानं करायचं. आमच्याच जिल्ह्यातल्या कडवंची गावानं नव्वदच्या दशकापासून हे करून दाखवलं. पण मुरवणं एवढ्यानं भागत नाही, कारण डब्याचा आकार त्यानं फारसा वाढत नाही. बंधारा झाला म्हणून पाच नवे बोअर झाले, तर बेरीज शून्यच.

म्हणून मोजणं आणि वाटणं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातलं, हिवरे बाजार हे गाव यासाठी सगळ्यांना माहीत आहे. तिथं पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटरच्या घरात. पण पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. किती पाऊस झाला, किती मुरला, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्या पाण्यात कोणती पिकं बसतात. उसासारखं जास्त पाणी पिणारं पीक घ्यायचं नाही आणि शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, हे नियम गावानंच केले आणि गावानंच पाळले. २०१९ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या अटल भूजल योजनेतही गावानं असा ताळेबंद मांडावा यावरच भर होता.

यात मला सर्वांत मोलाची वाटते ती वेळ. पाण्याचा हिशेब पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या सुमाराला करायचा. आपल्या दगडात वर्षभराचा साठा तेव्हा पूर्ण झालेला असतो. त्यानंतर तो फक्त उतरणार. पूर्वी एक वर्ष बरंचसं दुसऱ्या वर्षासारखं असायचं, त्यामुळे मोजलं नाही तरी अंदाज चुकत नसे. आता एक वर्ष कोरड्या ऑगस्टचं आणि दुसरं पुराच्या सप्टेंबरचं. जुने अंदाज आता चालत नाहीत, म्हणून मोजण्याला पर्याय नाही.

आता अण्णांच्या प्रश्नाकडे येतो. त्या रात्रीनंतर तीन दिवसांनी त्यांनी बोअर घेतलाच. पाणाड्यानं नारळ हातावर ठेवून जागा दाखवली. सातशे फुटांपर्यंत नुसता पांढरा फुफाटा निघाला. बोअरचे पैसे उसने आणलेले होते. मी गावी गेलो तेव्हा अण्णा मला बागेत घेऊन गेले. आम्ही दोघांनी मिळून झाडं मोजली. दुसऱ्यांदा लावलेली दोनशे झाडं होती. त्यांतली कमजोर ऐंशी सोडून द्यायची ठरवली. उरलेल्या झाडांची हलकी छाटणी केली, बुंध्याशी उसाचं पाचट आणि काडीकचरा अंथरला, फळं काढून टाकली आणि विहिरीत जे पाणी पाझरत होतं ते ठिबकनं रात्री द्यायला सुरुवात केली. एकशे वीसपैकी एकशे चार झाडं जगली.

तेव्हा "झाडं जळू देऊ का" या प्रश्नाचं खरं उत्तर असं आहे, की हा प्रश्न एप्रिलमध्ये विचारला तर काही झाडं जळू द्यावीच लागतात. तोच प्रश्न आदल्या दसऱ्याला विचारला असता, विहिरीत किती पाणी आहे ते बघून आंबे बहार धरायचा की त्या वर्षी मृग बहारावर थांबायचं हे ठरवता आलं असतं. रब्बीतला गहू टाळून ज्वारी-हरभऱ्यावर भागवता आलं असतं. कदाचित ती ऐंशी झाडंही वाचली असती आणि उसनवारीही टळली असती.

२०२५ च्या पावसाळ्यात विहीर तुडुंब भरली. गाळही भरपूर आला. दिवाळीला मी गेलो तेव्हा अण्णा म्हणाले, "आता काय, पाणीच पाणी आहे." मी काही बोललो नाही. पिशवीतून माझा जुना टेप काढून पुतण्याच्या हातात दिला. टोकाला खडू कसा लावायचा ते त्याला दाखवलं. त्यानं पातळी मोजली आणि विहिरीच्या कठड्यावर रंगानं तारीख आणि आकडा लिहिला. तेवढ्यात खालच्या शिवारातला शेजारी बांधावर येऊन उभा राहिला. कधीकाळी आमचं बघून बोअर घेणाऱ्यांतला तो एक. थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आमच्याबी विहिरीची मोजता का?"

पुतण्यानं अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "जा, मोज. वहीत दोघांचं शेजारी शेजारी लिही."

गेल्या तीस वर्षांत आमच्या ओढ्याच्या काठी एकमेकांच्या पाण्याविषयी झालेलं हे पहिलं शांत बोलणं. तुमच्या घरी, वाडीत, सोसायटीत विहीर किंवा बोअर असेल, तर येत्या दसऱ्याला त्याची पातळी मोजा, आणि शेजाऱ्याच्या पातळीशेजारी लिहा. पाऊस कसा पडावा हे आपल्या हातात उरलेलं नाही. पडलेल्या पावसाचा हिशेब मात्र अजून आपल्याच हातात आहे.